गरम मोज्यांचा डबा

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा ते थर्मासच्या डब्यातून मोजे काढत होते.

डब्लिनच्या सँट्री भागातल्या ऑफिसातला माझा तो पहिला आठवडा. जानेवारी महिना. अकराच्या सुमाराला सगळे चहाला उठतात, तशी मीही उठले, तर समोरच्या रांगेत एक गृहस्थ रुंद तोंडाच्या थर्मासचं झाकण फिरवताना दिसले. डोक्याला तपकिरी माकडटोपी, शर्टावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर कोट, गळ्याला मफलर. चेहरा आपल्याकडचा. डब्यात उपमा असेल, निदान गरम भात तरी, असं मला वाटलं. सकाळी घरून काही न खाता निघाले होते, त्यामुळे जरा आशेनेच पाहत होते. त्यांनी डब्यात दोन बोटं घातली आणि एक राखाडी लोकरी मोजा बाहेर काढला. मग दुसरा. पायातले उतरवले, हे चढवले, डोळे मिटून जरा वेळ स्वस्थ बसले, गार मोज्यांची घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. डोळे उघडले तर समोर मी.

"काय पाहून राहिली?" ते म्हणाले. माझ्या आडनावावरून मी मराठी आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. "थंडी पायातून चढते. नागपूरचा आहे मी, मला माहीत आहे."

नागपूरच्या माणसाला थंडीचं काय माहीत असणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितलं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ऊब ओळखता येते, जशी कोकणातल्या माणसाला मासळी ताजी की शिळी ते ओळखता येतं. पुण्याच्या लोकांना दोन्हीतलं काही कळत नाही, असंही ते लगेच म्हणाले. मी पुण्याची.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना ते फार आवडेल, ही माझी खरी भीती आहे. आम्ही दोन-चार मराठी मंडळी त्यांना भाऊ म्हणायचो. आयरिश लोक 'युअर मॅन' म्हणायचे. इथे कुठल्याही तिऱ्हाईत पुरुषाचा उल्लेख 'युअर मॅन' असाच करतात, पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी मला म्हणाली, "हीटिंगची काही तक्रार असेल तर युअर मॅनला सांग," तेव्हा मी घाईघाईने खुलासा केला की ते माझे कोणी लागत नाहीत.

हीटिंग हे भाऊंचं काम नव्हतंच. ते डेटाबेस सांभाळायचे, आणि चांगला सांभाळायचे. पण ते काम आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात राहिलेलं नाही.

आमची इमारत काचेची होती. विमानतळ जवळ, त्यामुळे मधून मधून एखादं विमान पोट दाखवत खिडकीवरून जायचं. गरम हवा वर चढते हे शाळेत शिकवतात. पण आमच्या इमारतीत ती छतातल्या जाळ्यांतूनच सोडलेली होती. डोकं तापायचं आणि पाय बर्फ व्हायचे. दक्षिणेच्या बाजूला ऊन आलं की तिथले लोक बाह्या दुमडायचे, आणि त्याच वेळी उत्तरेच्या काचेला लागून बसलेले लोक कोट चढवायचे. शनिवार-रविवार सगळं बंद असायचं, त्यामुळे सोमवारी सकाळी टेबलावर हात ठेवला की संगमरवरावर ठेवल्यासारखं वाटायचं. भिंतीवर थर्मोस्टॅट होता. त्याच्यावर पारदर्शक प्लास्टिकची पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली तळमजल्यावर डेक्लनकडे. डेक्लन इमारतीचा व्यवस्थापक. भला माणूस, पण त्याच्याकडे कुठलंही गाऱ्हाणं नेलं की तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक आकडा बघायचा आणि म्हणायचा, "तिसरा मजला ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथे नुसतं 'ठीक'.

"आकड्याला थंडी वाजत नाही," भाऊ त्याला सांगायचे. "माणसाला वाजते. वर येऊन माणसं बघ."

डेक्लन कधी वर यायचा नाही. मग भाऊच बघायचे. सकाळी आल्यावर लॅपटॉप उघडायच्या आधी ते सगळ्या मजल्यावर एक फेरी मारायचे. कुठे काचेला हाताची मागची बाजू लाव, कुठे जाळीखाली उभं राहून टक्कल वर कर (तेवढ्यापुरती माकडटोपी निघायची), आणि जो दिसेल त्याला विचार, "वाजते का थंडी?" लोक आधी हसायचे. मग सांगायला लागले. मग ते आले नाहीत तर "युअर मॅन कुठे आहे आज?" असं विचारायला लागले.

माणसांच्या तीन जाती असतात असं त्यांचं मत होतं. भट्टी, माठ आणि पत्रा. भट्टीला कधी थंडी वाजत नाही, उलट तिच्या शेजारच्याला ऊब मिळते. माठाला बाहेरच्या हवेचं सोयरसुतक नसतं, तो आपला आहे तसा राहतो. आणि पत्रा म्हणजे उन्हात चटका आणि सावलीत लगेच गार. मी पत्रा आहे, हे त्यांनी माझ्या बोटांच्या टोकांकडे बघून ठरवलं. आमच्या मॅनेजरला ते माठ म्हणायचे, आणि त्यात फक्त थंडीचा संबंध आहे असं शपथेवर सांगायचे.

हॉट प्रेसबद्दल ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत. या देशाने जगाला इतकं काय काय दिलं, पण हॉट प्रेसची किंमत कोणी केली नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "झोपायच्या आधी मोजे प्रेसमध्ये ठेवत जा." मी घरी जाऊन मोज्यांना इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर ते इतके हसले की मफलर सुटला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. त्यात ठेवलेले कपडे सकाळी भाकरीसारखे उबदार निघतात. भाऊंचे मोजे तिथून थेट थर्मासमध्ये जायचे.

मी आले त्याच सुमाराला कंपनीने जाहीर केलं की यापुढे कोणाची जागा ठरलेली नाही, ज्याने त्याने रोज मिळेल तिथे बसावं. बाकीचे कुरकुरले. भाऊंना मात्र राज्य मिळाल्यासारखं झालं. त्यांनी हुद्दा, टीम, देश सगळं बाजूला ठेवून मजला नव्याने बसवायला घेतला. कॉनर नावाचा एक धिप्पाड मुलगा बाराही महिने हाफ पँट घालून यायचा. त्याला उत्तरेच्या काचेला नेऊन बसवलं. कोणाच्या मानेवर जाळीतून वारा पडायचा, त्याला दोन हात सरकवलं. मला एका जाड खांबाच्या आडोशाला जागा दिली.

"इथे झोत येत नाही," ते म्हणाले. "आणि या खांबातून काहीतरी गरम जातं. हात लावून पाहा."

मी हात लावला. खरंच कोमट होता. त्या आठवड्यात मी आईला फोन करून सांगणार होते की मला इथे जमत नाहीये, मी परत येते. डब्लिनमध्ये मला काय जमत नव्हतं ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. नुसते दिवसभर खांदे आखडून बसल्यामुळे सगळंच वाईट दिसायला लागलं होतं. त्या खांबाआड माझे खांदे खाली आले. फोन राहून गेला तो गेलाच.

मॅनेजर मात्र वैतागला. टीमची माणसं चार कोपऱ्यांत विखुरली, मीटिंगला कोणी सापडेना. त्याने भाऊंना बोलावून विचारलं, हे कोणाच्या परवानगीने? भाऊ म्हणाले, "तुम्हीच सांगितलं ना, कुठेही बसा. लोक कुठेही बसले." आणि मग जरा दमाने, "आता कोणी कोट घालून काम करत नाही, ते पण पाहा." मॅनेजरने बाहेर येऊन मजल्यावर नजर फिरवली. खरंच कोणी कोट घातला नव्हता. भाऊ सोडून.

स्वतःची जागा त्यांनी कशी शोधली होती ती गोष्ट मजल्यावर सगळ्यांना पाठ होती. एका संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर कामाच्या निमित्ताने मागे राहिले, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी अख्खा गालिचा चालून पाहिला. नैऋत्येच्या कोपऱ्यात त्यांच्या तळव्यांना ऊब लागली. खालच्या मजल्याच्या छतातून गरम पाण्याचा पाइप जात होता, तो नेमका तिथून. त्या दिवसापासून तो कोपरा भाऊंचा. जागा ठरलेल्या नाहीत हा नियम त्या एका कोपऱ्याला लागू नव्हता आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

तक्रार होती ती फक्त ब्रीडाची, आणि तीही जागेबद्दल नव्हती.

ब्रीडा पगाराच्या खात्यात होती. साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, मजल्याच्या या टोकाला हसली की त्या टोकाला ऐकू यायचं. ड्रोहेडाहून बसने यायची, आल्या आल्या कार्डिगन काढून खुर्चीला अडकवायची, पाकिटाने वारा घ्यायची आणि म्हणायची, "इथे माणसं ठेवतात की पाव भाजतात?" मग उठून खिडकी उघडायची. आमच्या खिडक्या वीतभरच उघडायच्या, पण जानेवारीतल्या वाऱ्याला वीत पुष्कळ झाली.

"बाई, खिडकी!" भाऊ कोपऱ्यातून ओरडायचे.

"फ्रेश एअर, लव्ह."

"फ्रेश एअर बाहेर आहे. तिला बाहेर राहू द्या. ती तिथलीच आहे."

"तुमच्या डोक्यावर टोपी आहे, गळ्याला ते काय गुंडाळलंय, आणि तरी तुम्हाला थंडी वाजते?"

"वाजू नये म्हणून तर आहे ते!"

ते उठून खिडकी लावायचे. ती जेवून आली की पुन्हा उघडायची. मी यायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. मधल्या काळात ते एकमेकांशी थेट बोलेनासे झाले आणि निरोप माझ्यामार्फत जायला लागले. "तिला सांग, न्यूमोनिया झाला तर माझी बायको डॉक्टर आहे, पण लेटरकेनीला आहे." "त्याला सांग, बायकोला म्हणावं माझ्याकडून सहानुभूती." दोघंही इंग्रजीतच बोलायचे, दोघांनाही सगळं ऐकू यायचं, आणि तरी मी मध्ये मान वळवत उभी.

वहिनी खरोखरच लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. भाऊ आठवडाभर सँट्रीत एका खोलीत राहायचे आणि शुक्रवारी दुपारी गाडीत बसून देशाच्या पार वरच्या टोकाला, डोनेगल परगण्यातल्या त्या गावी जायचे. सरळ रस्ता उत्तर आयर्लंडमधून जातो, पण भारतीय पासपोर्टवर तिकडे व्हिसा लागतो, म्हणून ते स्लायगोवरून वळसा घालून जायचे. वारा असो, पाऊस असो, त्यांचा एकही शुक्रवार चुकलेला मला आठवत नाही. त्या घरात काय ऊब असेल याबद्दल आम्ही तर्क करायचो. कॉनर म्हणायचा, दिवाणखान्यात केळी पिकत असतील.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्याची सुरुवात होती. भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ब्रीडाने आज खिडकी नाही उघडली."

"बरं झालं ना भाऊ."

"कालही नाही." ते तिथेच घुटमळले. "मी आत्ता तिच्या बाजूने गेलो. कार्डिगन घालून बसली आहे. बटणं लावून."

"लावली असतील."

"ब्रीडाने? बटणं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातलं काम थांबलं. "काहीतरी झालं आहे. तू विचार. मी विचारलं तर ती भांडेल."

मी चहाच्या खोलीत तिला गाठलं. ती दोन्ही हातांनी मग धरून उभी होती, पण पीत नव्हती. मी विचारल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. छातीत गाठ निघाली होती. केमो सुरू झाली होती. झेपेल त्या दिवशी ती कामावर येत होती, कारण घरी एकटीने भिंतीकडे बघत बसणं तिला जमणारं नव्हतं. मुलगी ऑस्ट्रेलियात. तिला माहीत होतं, ब्रीडाच्या साहेबाला माहीत होतं, बाकी कोणाला नाही.

"लोकांना कळलं की ते मान एका बाजूला कलती करून बोलायला लागतात," ती म्हणाली. "मला ते नको आहे. आणि युअर मॅनला तर मुळीच कळता कामा नये. त्याला कळलं तर तो माझ्याशी भांडायचा थांबेल."

मी शब्द दिला. बाहेर आले तर भाऊ खांबापाशी उभे. मी काय सांगू, कसं टाळू, याची जुळवाजुळव करत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको सांगू. तिने सांगू नको म्हटलं असेल. मला फक्त एवढं सांग, थंडी वाजून राहिली का तिला?"

"हो."

"पायांना?"

"पायांना, हातांना, सगळीकडेच."

त्यांनी मान हलवली आणि ते जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मोजे बदलले नाहीत, विसरले असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मजला डोक्यावर घेतला. या कोपऱ्यात काम करणं अशक्य आहे. ऊन सरळ डोळ्यांत येतं. पडद्यावरचं एक अक्षर दिसत नाही. कोणाचं लक्ष आहे का इकडे? बोलत बोलत ते थेट ब्रीडाच्या टेबलापाशी गेले, आणि कित्येक महिन्यांनी माझ्यामार्फत न बोलता तिच्याशी बोलले. "तुम्ही तिकडे जा. मला ही जागा द्या."

ब्रीडाने आधी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नोव्हेंबर होता. आभाळ गच्च भरलेलं, काचेवरून पाणी ओघळत होतं, समोरची इमारतसुद्धा धड दिसत नव्हती.

"कुठलं ऊन?" ती म्हणाली.

"येतं. मधूनच."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मी खरंच काही सांगितलं नव्हतं. तिला ते पटलं असावं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला खिडकी पाहिजे असते ना? तिथली खिडकी सगळ्यात मोठी आहे. घ्या. माझे उपकार माना."

"मी ती उघडीन."

"मी बंद करीन."

कॉनरने तिचा मॉनिटर उचलून नेला. ब्रीडा त्या कोपऱ्यात बसली, बूट काढले, आणि पाय गालिचावर टेकवल्यावर तिचा चेहरा असा काही सैलावला की मी दुसरीकडे बघायला लागले. भाऊ तिच्या जुन्या जागी, उत्तरेच्या काचेला लागून बसले. तो सबंध हिवाळा ते तिथे बसले. बोटं उघडी राहतील असे हातमोजे घालून टाइप करायचे आणि मधून मधून नाक पुसायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "काय मस्त जागा आहे. ऊन नाही, काही नाही."

सोमवारी ब्रीडाच्या टेबलावर एक नवा थर्मास ठेवलेला होता. शेजारून जाताना भाऊ दुसरीकडे बघत म्हणाले, "गरम आहे तोवर घ्या." तिने झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, वास घेतला.

"सूप आहे का हे?"

"मोजे आहेत."

तिने एक मोजा बाहेर काढून उंच धरला. मग ती हसली. कित्येक दिवसांनी तिचं ते मजला हलवणारं हसू ऐकून लोक खुर्च्यांवरून वळले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ती थांबेना. दूरवरून भाऊ ओरडले, "आधी झाकण लावा! ऊब जाऊन राहिली सगळी!"

त्यानंतर ती कामावर यायची त्या प्रत्येक सकाळी डबा तिथे असायचा. ते मोजे नवे कोरे, जाड लोकरीचे असायचे आणि हॉट प्रेसमधून आलेले. रिकामा डबा ती संध्याकाळी त्यांच्या टेबलावर आपटून ठेवायची. आभार मानल्याचं मी कधी ऐकलं नाही. भांडण मात्र चालू होतं. टोपीवरून, मफलरवरून, भाऊंच्या शिंकण्यावरून. भाऊ एकदाही मान कलती करून बोलले नाहीत.

फेब्रुवारीत ऑपरेशनसाठी ती रजेवर गेली आणि जूनमध्ये परत आली. वाळली होती. डोक्याला निळा रुमाल. अर्धा दिवस काम करायचं ठरलं होतं. कोपरा तिच्यासाठी तसाच राखलेला होता, पण पाइप गार होता. मे महिन्यापासून इमारतीचं हीटिंग बंद होतं, ऑक्टोबरपर्यंत लागायचं नव्हतं, आणि त्या वर्षीच्या जूनला आपण जून आहोत हे कोणी सांगितलंच नव्हतं. रोज पाऊस, रोज वारा. ब्रीडा कोट अंगावर घेऊन बसायची.

भाऊ तळमजल्यावर डेक्लनकडे गेले. मला बरोबर नेलं. डेक्लन म्हणाला, "जूनमध्ये हीटिंग? लोक हसतील मला. कॅलेंडर वरून ठरून येतं."

भाऊ उत्तर देणार होते, पण मध्येच थांबले. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. टेबलाखाली एक छोटा पंख्याचा हीटर घुमत होता. आमच्या मजल्यावर असले हीटर लावायला बंदी होती, आगीचा धोका म्हणून. कोणी आणला की डेक्लन माणूस पाठवून तो जप्त करायचा. हा जप्त केलेल्यांपैकीच एक होता. त्याच्यावर कॉनरच्या शेजारणीने चिकटवलेलं फूल अजून तसंच होतं.

डेक्लन लाल झाला. भाऊ मात्र तडक वर गेले, लॅपटॉप घेऊन खाली आले, डेक्लनच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि काम करायला लागले.

"हे काय?" डेक्लन म्हणाला.

"इथे छान आहे. आमच्याकडे जागा ठरलेल्या नसतात. मी आता इथेच बसत जाईन."

दिवसभर बसले. डेक्लनच्या फोनवर त्यांनी कान ठेवला, त्याच्या सँडविचबद्दल चौकशी केली, खोलीतला खिडकीचा झोत कुठून येतो ते त्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी मलाही घेऊन गेले. तिसरी खुर्ची नव्हती, मी फाइलींच्या खोक्यावर बसले. दुपारनंतर कॉनर आला, हाफ पँटीत, आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. त्याला थंडी वाजत नव्हतीच, तो नुसता सोबतीला आला होता. डेक्लनला स्वतःच्या टेबलापर्यंत जायला आमच्या पायांवरून उड्या माराव्या लागायला लागल्या.

"कोणासाठी आहे हे सगळं?" शेवटी त्याने विचारलं. "तुमच्यासाठी?"

"हो," भाऊ म्हणाले. "मला फार थंडी वाजते. सगळ्यांना माहीत आहे."

डेक्लन खरोखरच भला माणूस होता. त्याच दिवशी तो पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर आला. फिरत फिरत कोपऱ्यापर्यंत गेला, ब्रीडाशी हवापाण्याचं बोलला, खाली गेला. दुसऱ्या दिवशी पाइप गरम होता. कॅलेंडरचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, आणि लोक हसलेही नाहीत.

ब्रीडा बरी झाली. हे एका वाक्यात लिहिलं, पण व्हायला वर्ष गेलं. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. तपासण्या चांगल्या आल्या. एका सकाळी मी खांबाआड काम करत होते तर मानेवर गार वाऱ्याची झुळूक आली, आणि पाठोपाठ भाऊंचा आवाज, "बाई, खिडकी!" त्या आवाजात इतका आनंद होता की मॅनेजरसुद्धा खोलीतून बाहेर येऊन बघून गेला. त्या दिवशी भाऊ दिवसभर ज्याच्या त्याच्याशी उगाच भांडत होते.

पुढच्या वर्षी कंपनीने त्यांना घरून काम करायची परवानगी दिली आणि ते कायमचे लेटरकेनीला गेले. निरोपाला केक होता. ब्रीडाने भाषण केलं, त्यात एकही चांगलं वाक्य नव्हतं, आणि भाऊ ते ऐकून लाजले.

एप्रिलमध्ये ब्रीडा आणि मी त्यांना भेटायला गेलो. गाडी ब्रीडाची. माझ्या पासपोर्टमुळे आम्हीही स्लायगोवरूनच गेलो. वाटेत तिने तिच्या बाजूची काच सबंध वेळ दोन बोटं खाली ठेवली होती. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, भाऊंच्या घरी पोचलं की ऊबच ऊब.

दार वहिनींनी उघडलं. सुती कुडता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांच्या मागे सगळं घर वाऱ्यावर हलत होतं. पडदे, कॅलेंडर, टेबलावरचा पेपर. खाडीवरून येणारा वारा एका खिडकीतून आत शिरून दुसरीतून बाहेर जात होता.

"या, या," वहिनी म्हणाल्या. "तुला थंडी वाजेल का गं? हीटिंग आम्ही लावतच नाही. बंद घरात माझा जीव घाबरतो."

"अरे देवा, काय सुंदर घर आहे!" ब्रीडा म्हणाली आणि तिने कोट काढला. मग कार्डिगनही काढलं.

वहिनींच्या मागे भाऊ उभे होते. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर. माझ्याकडे बघत नव्हते.

जेवण झालं. वहिनींनी स्वतः सावजी मसाल्याची भाजी केली होती, ती खाऊन ब्रीडाला घाम फुटला आणि वहिनींनी उरलेली एक खिडकीही उघडली. दोघी सोफ्यावर बसून जन्मभराची ओळख असल्यासारख्या बोलायला लागल्या. भाऊंनी मला डोळ्याने खूण केली, चहाचे दोन स्टीलचे पेले भरून घेतले आणि मोठ्याने म्हणाले, "चल, तुला नवी गाडी दाखवतो."

गाडी विजेवर चालणारी, दारातच उभी होती. आम्ही आत बसलो. त्यांनी कुठलंसं बटण दाबलं आणि सगळीकडून, पायांखालून, पाठीखालून, ऊब यायला लागली. भाऊंनी टोपी काढली.

"इंजिन चालू न करता हीटर चालतो," ते म्हणाले. "म्हणून घेतली."

"भाऊ, तुम्ही वहिनींना कधी काही बोलला नाहीत? खिडक्यांबद्दल?"

"बोललो होतो ना. लग्न झालं त्या साली."

"मग?"

"मग काय? तिला गरम होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दिवसभर हॉस्पिटलात लोकांचं ऐकून येते. आल्यावर तिला वारा पाहिजे असतो. आणि मला दोन स्वेटर पुरतात. एखाद्या वेळी जास्तच झालं तर मी इथे येऊन बसतो. मग ती पण येते चहा घेऊन. आली की काच खाली करते."

समोर दिवाणखान्याची खिडकी सताड उघडी होती. ब्रीडा हात उंचावून काहीतरी सांगत होती, बहुधा भाऊंचीच नक्कल करत होती, कारण वहिनी सोफ्याच्या हातावर डोकं टेकवून हसत होत्या. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. भाऊंनी काचेवरचा वायपर एकदा फिरवला, नीट दिसावं म्हणून.

"पाहा ना," ते म्हणाले, "कशा हसून राहिल्या."

आम्ही बराच वेळ बघत बसलो. मग मी म्हटलं, "आत जायचं का भाऊ?"

"जाऊ ना," ते म्हणाले. "चहा संपू दे."

चहा केव्हाच संपला होता.